मदत हवी आहे: मोटर फिरते, पण पाणी वर चढत नाही

नमस्कार मंडळी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हौद आणि गच्चीवरची टाकी यावरच आमचं घर चालतं. मंगळवारपासून मोटर फिरते, पाणी चढत नाही. आधी नुसतं 'मोटर बिघडली, काय करू?' विचारलं, तर 'मिस्त्री बोलवा' एवढंच उत्तर आलं. तेवढ्यावरून कोणाला काय कळणार? म्हणून आता सगळं सांगतो.

अर्धा एचपी मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला), टाकी हौदापासून 25 फूट उंच. प्रायमिंग केलं, म्हणजे पंपात वरून पाणी भरलं, की मिनिटभर धार येते, मग नुसती हवा. फूटव्हॉल्व्ह (हौदातल्या पाइपच्या टोकाची, पाणी परत उतरू न देणारी झडप) काढून धुतला, जाळीत शेवाळ होतं. तरीही मोटर बंद असताना भरलेलं पाणी पाच मिनिटांत उतरतं. दोष फूटव्हॉल्व्हच्या वॉशरचा की सक्शन पाइपच्या (हौदातून पंपात पाणी ओढणाऱ्या) जोडाचा, हे घरी कसं ओळखायचं? आई घागरी भरून जिना चढते, बघवत नाही. काय निघालं ते इथेच कळवीन.