मदत हवी आहे: हीटिंग लावलं की बॉयलरचं प्रेशर ३ पर्यंत चढतं, सकाळी काटा तळाला

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. घर जुनं, विटांचं, शेजारच्या घराला चिकटलेलं. स्वयंपाकघरात गॅसवरचा कॉम्बी बॉयलर आहे, ११ वर्षांचा. नळाचं गरम पाणी आणि घरातले ९ रेडिएटर (गरम पाणी फिरून खोल्या तापवणारे), सगळं त्याच्याच जिवावर. गेल्या आठवड्यात आई-बाबा साताऱ्याहून आलेत. आईला संधिवात आहे. परवा पहाटे उठून बघते तर घर गारठलेलं आणि ती दोन शाली गुंडाळून पलंगावर बसलेली. मला उठवायचं नाही म्हणून तशीच बसून राहिली होती. म्हणून घाईने लिहितेय.

होतं ते असं. बॉयलर गार असताना प्रेशरचा काटा दीड बारवर (बार हे दाबाचं माप) आणून ठेवते. हीटिंग लावलं की वीसेक मिनिटांत तो अडीच ओलांडतो आणि ३ ला टेकतो. रात्री बंद करून सकाळी बघावं तर ०.३, आणि बॉयलर एरर दाखवून ठप्प. मग खाली वाकून फिलिंग लूपचे, म्हणजे नळाचं पाणी बॉयलरमध्ये भरायच्या नळीचे, दोन्ही खटके फिरवायचे, पाणी आत शिरल्याचा सूं आवाज ऐकत काटा वर आणायचा, आठवणीने दोन्ही बंद करायचे. महिन्यापूर्वी हे आठवड्यातून एकदा करावं लागायचं, आता रोज.

गळती शोधली. प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हला टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवला, सगळे कोरडे. छताला डाग नाही, कार्पेट ओलं नाही. मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीतून बाहेर एक नळी निघते, तोंड भिंतीकडे वळवलेली. तिच्याखालची वीट ओली दिसली. नळीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधून ठेवली, तर सकाळी तिच्यात कपभर करडं पाणी!

वरच्या मागच्या खोलीतला रेडिएटर वरून गार, खालून गरम होता. किल्लीने त्याची हवा काढली. आधी बराच वेळ फुस्स, मग शाईसारखं काळं पाणी. फडक्यावरचा डाग दोनदा धुऊनही गेला नाही. तो रेडिएटर आता छान तापतो, पण प्रेशरचं रडगाणं तसंच. बैठकीतल्या रेडिएटरचं उलटं आहे: वरून चटका बसतो आणि खाली मधोमध गार.

नोंदणी असलेला एक इंजिनिअर येऊन गेला. कव्हर न उघडता दहा मिनिटांत म्हणाला, जुना झाला, नवीनच बसवा. खर्च आमच्या घराच्या हप्त्याच्या दुपटीहून जास्त आहे. खरंच बॉयलर संपलाय, की एखादा भाग बदलून भागेल? दुसऱ्या माणसाला बोलावलं तर नेमकं काय तपासायला सांगू?

प्रतिसाद १

बाहेरची नळी तांब्याची आहे की पांढऱ्या प्लॅस्टिकची? प्लॅस्टिकची असेल तर ती कंडेन्सेटची, म्हणजे जळलेल्या गॅसमधली वाफ गार होऊन बनलेल्या पाण्याची, तिच्यातून पाणी येणारच. आईंच्या खोलीत तोवर तेलाचा इलेक्ट्रिक हीटर लावा.

धागाकर्ती

तांब्याची आहे. हीटर कालच आणला.

प्रतिसाद २

ताई, तांब्याची असेल तर ती सेफ्टी व्हॉल्व्हची नळी. तो व्हॉल्व्ह ३ बारला उघडतो आणि जास्तीचं पाणी बाहेर सोडतो. तुमचं पाणी तिथूनच जातंय, रेडिएटरमधून नाही.

पाणी तापलं की फुगतं. पाइप आणि रेडिएटरमध्ये मिळून १०० लिटर पाणी धरा. १० अंशांवरून ७० अंशांवर जाताना ते सव्वादोन लिटरच्या आसपास वाढतं. त्या वाढीला जागा मिळावी म्हणून एक्स्पान्शन व्हेसल असतं: पत्र्याचा डबा, मध्ये रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. हवा गेली किंवा पडदा फाटला की पाण्याला फुगायला जागाच उरत नाही आणि काटा थेट ३ वर जातो. पाणी बाहेर पडलं, उरलेलं गार झालं, की काटा तळाला. तुमची लक्षणं अगदी हीच आहेत.

त्याला सायकलच्या ट्यूबसारखा हवेचा व्हॉल्व्ह असतो. येणाऱ्याला त्याची पिन दाबून बघायला सांगा. पाणी आलं तर पडदा फाटलाय. नुसती हवा कमी असेल तर आधी पाण्याचं प्रेशर शून्यावर आणून मग पंपाने भरतात, बहुतेक बॉयलरना पाऊण ते १ बार लागते. आतलं व्हेसल काढणं जिकिरीचं असेल तर बाहेर रिटर्नच्या (रेडिएटरमधून पाणी परत आणणाऱ्या) पाइपवर वेगळं बसवता येतं. सेफ्टी व्हॉल्व्हही त्याच वेळी बदलून घ्या, एकदा उघडला की त्यात कचरा अडकतो आणि तो ठिबकत राहतो.

कव्हर स्वतः उघडू नका. माणूस गॅस सेफ रजिस्टरवरचाच (गॅसची कामं करणाऱ्यांची तिकडची अधिकृत यादी) हवा, आणि त्याच्या कार्डाची मागची बाजू नक्की बघा, कोणत्या कामाची परवानगी आहे ते तिथे लिहिलेलं असतं. आणि रोज ताजं पाणी भरत राहू नका. त्याबरोबर प्राणवायू आत जातो, रेडिएटर आतून गंजतात. तुमच्या फडक्यावरचं काळं तेच आहे.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. शुक्रवारी दुसरे इंजिनिअर आले. त्यांना पिन दाबायला सांगितली आणि काळं पाणी त्यांच्या हातमोज्यावर उडालं. पडदा फाटलेला. बाहेर नवीन व्हेसल बसवलं, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, गंजरोधक औषधही घातलं. खर्च नवीन बॉयलरच्या मानाने फारच कमी. आज चौथा दिवस: गार असताना १.३, तापल्यावर १.७. पिशवी अजून बांधलेलीच आहे, पूर्ण कोरडी. आई सकाळी स्वयंपाकघरात चहा करत होती, शाल खुर्चीवर.

आता बैठकीतला रेडिएटर राहिलाय. तळाला गाळ बसलाय असं ते म्हणाले. तेवढा एकच काढून अंगणात पाइपने धुवावा, की सगळीच लाइन फ्लश करून (पाणी जोरात सोडून आतून धुऊन) घ्यावी? कुणी करून घेतलं असेल तर कृपया सांगा.