'जेमिनल'ला मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम: अल्काइनवरचा (कार्बनांमध्ये तिहेरी बंध असलेल्या संयुगांवरचा) धडा मराठीत आणतेय आणि एका शब्दावर गाडी अडलीय. प्रोपाइन या अल्काइनवर हायड्रोजन ब्रोमाइडच्या दोन रेणूंची समावेशन अभिक्रिया झाली की 2,2-डायब्रोमोप्रोपेन हे डायहॅलाइड (ब्रोमीनसारखे दोन हॅलोजन अणू असलेलं संयुग) तयार होतं. दोन्ही ब्रोमीन एकाच कार्बनवर, म्हणून जेमिनल. लगतच्या दोन कार्बनांवर एकेक असता तर व्हिसिनल. त्याला 'शेजारी' लिहून मोकळी झाले. पण जेमिनलला 'जुळे' लिहिलं तर संपादक म्हणतात, मुलं हसतील.

टाचणी: हसू द्या की, लक्षात तरी राहील. लॅटिन मुळाचा अर्थ जुळंच आहे.

खडीसाखर: मग 'मिथुन डायहॅलाइड' करा, रास तीच!

पाणिनीचा_शेजारी: मिथुन म्हणजे नर-मादीची जोडी. इथे दोन्ही ब्रोमीनच. संस्कृतात जुळं म्हणजे 'यमल', ते घ्या.

खडीसाखर: यमल आणि डायहॅलाइड? धोतरावर टाय.

ओसरी: यमलवरूनच आपलं 'जावळं' आलं असणार. माझी आजी जुळ्यांना जावळी मुलंच म्हणायची.

टाचणी: जावळ म्हणजे बाळाचे पहिले केस ना?

ओसरी: तो शब्द वेगळा. आजीला केस आणि नातवंडं यांतला फरक कळत होता.

प्रयोगवही: मी रसायनशास्त्र शिकवतो. 'जुळे'त एक गोची आहे. हायड्रोजन ब्रोमाइडच्या एका रेणूने आधी 2-ब्रोमोप्रोपीन होतं. दुसरा ब्रोमीन मागाहून, दुसऱ्या रेणूतून, त्याच कार्बनवर येतो. म्हणजे 'जुळी' वेगवेगळ्या वेळी जन्मलेली! उलट हायड्रोजन ब्रोमाइडऐवजी नुसतं ब्रोमीन घातलं, तर त्याच्या एका रेणूतून एकत्र आलेले दोन अणू दोन कार्बनांवर जातात, तेही बहुतेक दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंना. खरी जुळी ती, आणि त्यांना आपण शेजारी म्हणतो.

टाचणी: नाव शेवटच्या रचनेला असतं, जन्मकथेला नाही.

प्रयोगवही: मग दुसरा ब्रोमीन रेणू घाला. 1,1,2,2-टेट्राब्रोमोप्रोपेन. त्यात कोण जुळं, कोण शेजारी?

खडीसाखर: जुळ्यांच्या दोन जोड्या, भिंतीला भिंत लावून. आमच्या मजल्यावर आहेत.

पाणिनीचा_शेजारी: मला मुळात 'समावेशन'च खटकतं. समावेश यादीत होतो. इथे तिहेरी बंध उलगडून अणू जोडले जातायत. सरळ 'जोड अभिक्रिया' का नको?

प्रयोगवही: प्रतियोजनात एक जातो तेव्हा दुसरा येतो. समावेशनात कुणीच बाहेर जात नाही, सगळे आत. शब्द चपखल आहे.

पाणिनीचा_शेजारी: चपखल नाही, सवयीचा आहे.

टाचणी: कालपर्यंत 'यमल' रेटणारे आज 'जोड'वर आले?

पाणिनीचा_शेजारी: कालपर्यंत नाही, सकाळपर्यंत. आणि दोन्ही मराठीच आहेत.

अर्धविराम: अहो, माझा जेमिनल! धडा उद्या द्यायचाय. तूर्त 'एककार्बनी' लिहिते.

प्रयोगवही: नको! एककार्बनी म्हणजे ज्यात कार्बन एकच आहे ते, मिथेनसारखं.

ओसरी: जावळं लिहा.