बाँड्सला आत घ्यायलाच हवं

स्टेरॉइडचा नुसता संशय असला तरी बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या सन्मान-दालनात, खेळाडूला जागा नको, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. फलंदाज बॅरी बाँड्सचे एकूण 762 होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारे फटके) क्षणभर बाजूला ठेवा. ज्या काळाबद्दल फारसं कुणी बोट दाखवत नाही, त्या 1998 पर्यंतच त्याच्याकडे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचे तीन एमव्हीपी पुरस्कार होते, शिवाय 400 होम रन आणि 400 चोरलेले बेस (फटका नसताना धावत पुढचा टप्पा गाठणं). ही जोडी तोवर कुणालाच जमली नव्हती! 2022 मध्ये हॉलसाठी पत्रकारांच्या मतदानातल्या त्याच्या शेवटच्या संधीत त्याला 66 टक्के मतं पडली, लागतात 75. आणि ज्यांच्या कारकिर्दीत हे स्टेरॉइड प्रकरण फोफावलं, ते बेसबॉल लीगचे आयुक्त बड सेलिग 2017 मध्येच सन्मानाने हॉलमध्ये गेले. हे मला फार सलतं. 2001 चे 73 होम रन मलाही निर्भेळ वाटत नाहीत. तसं हॉलमधल्या त्याच्या फलकावर स्पष्ट लिहा, पण फलक लावा.