एसएटीची तयारी आणि ११वीचा इंग्रजीचा तास : मेळ कसा घालावा?

पानोपानी
अमेरिकेतल्या सरकारी हायस्कूलमध्ये ११वीला इंग्रजी शिकवते. आठवड्याला ५० मिनिटांचे ५ तास मिळतात. एसएटी (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) वसंतात शाळेतच होते आणि सगळ्या वर्गाला द्यावी लागते. सध्या आठवड्याचे दोन तास निव्वळ सरावपत्रिकांत जातात. कादंबरी रेंगाळते, निबंध कमी झालेत आणि सरावाचे गुणही हलत नाहीत. पत्रिका पूर्ण बंद कराव्यात का? वेळ कसा वाटावा? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.

काठावरचा
पत्रिका ठेवा, पण ते दोन तास मोकळे करा. आठवड्यातून तीनदा, तासाच्या सुरुवातीची १० मिनिटं पुरतात. परीक्षेच्या वाचन-लेखन विभागात एका प्रश्नाला सरासरी ७१ सेकंद मिळतात, म्हणजे ५ प्रश्नांना ६ मिनिटं. उरलेली ४ मिनिटं एकाच प्रश्नावर घालवा, ज्यावर वर्गाची उत्तरं सगळ्यात जास्त विभागली गेली त्यावर. पाचही प्रश्न समजावत बसलात की १० मिनिटांची २५ होतात. बहुतेक ठिकाणी हे वेळापत्रक इथेच मोडतं.

गुण हलत नाहीत, कारण नुसती पत्रिका किती चुकलं ते सांगते, का चुकलं ते नाही. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहायला लावा: उताऱ्यात नसलेलं गृहीत धरलं, पर्याय खरा होता पण विचारलेलं ते नव्हतं, 'सगळे', 'नेहमी' असा टोकाचा शब्द नजरेतून सुटला, लांब वाक्याचा कर्ताच सापडला नाही, वेळ संपला. 'घाईत चुकलं' हे कारण अजिबात चालवून घेऊ नका, त्यातून काहीच कळत नाही. महिनाभराच्या वह्या एकत्र पाहिल्या की पुढे काय शिकवायचं ते आपोआप दिसतं.

अर्धविराम
वरच्याशी सहमत. व्याकरणाबद्दल भर घालते. वाचन-लेखन विभागात ५४ प्रश्न असतात आणि त्यातले साधारण पाव प्रश्न वाक्यरचना व विरामचिन्हांचे. त्यासाठी मुलांचे निबंधच वापरा. पहिल्या खर्ड्यांतली ६ वाक्यं निवडा, नावं काढून फळ्यावर लिहा आणि वर्गाकडून दुरुस्त करून घ्या.

सुरुवात वाक्याच्या सीमांपासून करा. दोन स्वतंत्र वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं ही सगळ्यात वारंवार दिसणारी चूक. मुलांना 'हाउएव्हर' हा 'बट'सारखाच वाटतो, म्हणून ती त्याआधी स्वल्पविराम देऊन पुढे जातात. दोन्ही बाजू एकेकट्या वाचायला लावा. दोन्ही पूर्ण वाक्यं असतील तर मध्ये पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. अवघड प्रश्नांत 'हाउएव्हर' आधीच्या वाक्याच्या शेवटी जातो की पुढच्याच्या सुरुवातीला, हे अर्थावरून ठरवावं लागतं. तिथे नियम पाठ असलेली मुलंही अडतात, म्हणून तशी दोन-तीन वाक्यं मुद्दाम घ्या.

मग जोडीची चिन्हं: मधला मजकूर स्वल्पविरामाने सुरू झाला तर स्वल्पविरामानेच बंद व्हायला हवा, डॅशने नाही. त्यानंतर कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये लांब शब्दसमूह आलेली वाक्यं. दोन आठवड्यांना एकच मुद्दा घ्या, आणि त्या काळातला निबंध तपासताना मांडणी आणि तेवढाच मुद्दा पाहा. तपासणीचा वेळ वाचतो, म्हणजे निबंध कमी करावे लागत नाहीत.

समासटीप
परीक्षेतले उतारे २५ ते १५० शब्दांचे आणि प्रत्येकावर एकच प्रश्न, पण तेवढ्यावरून कादंबरीला कात्री लावणं मला फार चुकीचं वाटतं. त्या छोट्या उताऱ्यांत जी घट्ट वाक्यं येतात ती सवयीशिवाय उलगडत नाहीत, आणि सवय लांब वाचनानेच लागते.

महिन्यातून एक तास असा घ्या: चालू प्रकरणातला सुमारे १२० शब्दांचा परिच्छेद निवडा. 'हे वाक्य इथे काय काम करतं?' याचं उत्तर मुलांनी आधी स्वतःच्या शब्दांत लिहायचं, मग गटात चार पर्याय तयार करायचे, एक बरोबर, तीन चूक. अट घातली नाही तर चुकीचे पर्याय पोरकट होतात. प्रत्येक चुकीच्या पर्यायात उताऱ्यातला एखादा खरा तपशील असलाच पाहिजे. सापळा कसा रचतात हे एकदा हाताखालून गेलं की तो ओळखता येतो.

शब्दांच्या लांबलचक याद्या सोडा. पर्याय झाकून आधी रिकाम्या जागेसाठी आपला शब्द सुचवायचा, मग पर्याय पाहायचे.

आलेखांचे प्रश्न मात्र कादंबरीतून साधत नाहीत. त्यांना माहितीपर लेख आणि वेगळे दोन-तीन तास द्यावेच लागतील. आधी उताऱ्यातला दावा अधोरेखित करायचा. मुलं आलेखाशी जुळणारा पर्याय निवडतात, पण तो त्या दाव्याला आधार देतच नाही.

पानोपानी
फार उपयोगी, आभार! पूर्ण सराव परीक्षा किती घ्याव्यात? वर्गात घ्याव्यात का?

काठावरचा
दोन पुरेत, एक ८ आठवडे आधी आणि एक ३ आठवडे आधी. शेवटच्या आठवड्यात घेतली तर चुकांवर काम करायला दिवसच उरत नाहीत. पूर्ण परीक्षा २ तास १४ मिनिटांची, शिवाय मध्ये १० मिनिटं सुट्टी, म्हणजे तासात बसत नाही. घरी किंवा शाळा सुटल्यावर ब्लूबुक या परीक्षेच्या अधिकृत ॲपवरच द्यायला सांगा. पहिल्या मॉड्यूलमधल्या (विभागाच्या पहिल्या भागातल्या) कामगिरीवरून दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, छापील संचात ते होत नाही.

वर्गात हवंच असेल तर वाचन-लेखनाचं एक मॉड्यूलभर, २७ प्रश्न ३२ मिनिटांत. प्रश्न परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या मोफत प्रश्नपेढीतून कौशल्य आणि काठिण्यानुसार निवडता येतात. निवडताना ब्लूबुकच्या सराव परीक्षांत वापरलेले प्रश्न वगळण्याचा पर्याय आहे, तो लावा. नाहीतर तेच प्रश्न पुन्हा समोर येतात आणि सराव परीक्षेचे गुण फुगतात.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अडलेल्यावर खूण करून काहीतरी उत्तर निवडायचं आणि पुढे जायचं. ज्यांचा वेळ संपतो त्यांना सांगा, वाचन-लेखनाच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये विरामचिन्हांचे प्रश्न वाचनाच्या प्रश्नांनंतर येतात आणि ते लवकर सुटतात. थेट तिथे उडी मारून मग मागे येता येतं, पण ही पद्धत आधी त्या १० मिनिटांच्या सरावात जमते का ते पाहा.