मंदीत भाडं उतरवावं का? कोल्हापुरातल्या घरमालकांनी मत द्यावं

तिसरी गल्ली (धागा सुरू करणारे)

फौंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांच्या) ऑर्डरी घटल्या की शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहतींत सगळीकडे क्रम तोच असतो. आधी ओव्हरटाइम बंद, मग कंत्राटी पोरं घरी, आणि दोन-तीन महिन्यांत उचगावपासून पाचगावपर्यंत 'खोली भाड्याने देणे आहे' अशा पाट्या. कास्टिंगला (ओतीव भागांना) उठाव ट्रॅक्टर आणि गाड्यांच्या कारखान्यांकडून असतो. तो परत आला की माणसंही परत येतात. मधला काळ कसा काढायचा, एवढाच प्रश्न आहे.

माझं मत स्पष्ट आहे. भाडेकरू चांगला असेल तर तो 'सोडतो' म्हणायच्या आधी मालकानं आपणहून भाडं उतरवावं. हिशेब बघा. दोन खोल्या-किचनचा फ्लॅट, भाडं ९,०००. भाडेकरू गेला आणि फ्लॅट दोन महिने रिकामा राहिला, तर १८,००० गेले. एक हात रंग आणि नळाची किरकोळ कामं १२,०००, एजंटाला अर्धं भाडं ४,५००, नवीन कराराची नोंदणी आणि करून देणाऱ्याची फी मिळून १,५०० धरा. झाले ३६,०००. दोन वर्षांच्या २४ महिन्यांवर पसरले तर महिना १,५००. म्हणजे जुना भाडेकरू ७,५०० वर राहिला काय आणि नवा ९,००० वर आला काय, दोन वर्षांनी हातात सारखेच १,८०,००० येतात. वर तीन महिने रिकामे गेले तर तोटा तुमचाच.

उद्यमनगर

आकडेमोड बरोबर, पण पायाच चुकलाय. तुम्ही धरून चाललाय की भाडेकरू जाणारच. सोडून जाणं त्यालाही स्वस्त नसतं: टेम्पो, नवीन डिपॉझिट, एजंट, पोरांची शाळा. तीन भाडेकरूंतला एकच खरोखर जाणार असेल, तर तुमच्या ३६,००० चा तिसरा हिस्सा धरायचा, १२,०००. महिन्याला ५०० पडतात. ५०० ची जोखीम टाळायला १,५०० कशाला सोडायचे?

दुसरं, उतरलेलं भाडं सहजी चढत नाही. ७,५०० वर दर वर्षी दहा टक्के वाढ लावली तरी पहिल्या वर्षाला ८,२५०, दुसऱ्याला ९,०७५. जिथनं उतरला तिथं पोचायला दोन वर्षं. आणि एकाच बिल्डिंगमध्ये तुमचे चार फ्लॅट असतील तर बाकीचे तिघं पंधरा दिवसांत दारात उभे राहतात, हे लिहून ठेवा.

करारातलं भाडं ९,००० च राहू दे. सवलत द्यायची तर महिन्यांची नावं घालून द्या. करार नव्यानं करत असाल तर ऑनलाइन नोंदणीत टप्पे टाकता येतात: पहिले सहा महिने ८,०००, पुढचे पाच ९,०००. मग वाढ मागायला तोंड उघडावं लागत नाही, कागदच बोलतो.

किल्ली

दोघांचंही ऐकलं. तिसराच मार्ग लोक धरतात आणि तिथंच फसतात: 'भाडं डिपॉझिटमधनं वळतं करून घ्या.' हे कधीही करू नका. ३०,००० डिपॉझिटमधनं तीन महिन्यांचे २७,००० वळते झाले की हातात उरले ३,०००. पुढं तो न सांगता गेला तर दोन महिन्यांचं लाइट बिल, तुटलेला कमोडचा टँक, गेलेली किल्ली, सगळं त्या ३,००० त बसवायचं. महावितरणचा मीटर तुमच्या नावावर असतो, थकबाकीही तुमच्याच नावावर चढते. सवलत द्यायची तर भाड्यात द्या, डिपॉझिटला हात नको.

आणि नोटरीच्या कागदावर विसंबून राहू नका. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. खोटं ठरवायचं ओझं तुमच्यावर. मंदीत वाद वाढतात, तेव्हा हे कलम आठवतं.

खर्च किती? मुद्रांक शुल्क पाव टक्का, तेही मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वार्षिक दहा टक्के व्याजावर. ९,००० च्या अकरा महिन्यांच्या कराराला आणि ३०,००० डिपॉझिटला ते अडीचशे-तीनशे रुपयांच्या घरात जातं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. एवढ्यासाठी कुणी नोटरीकडे जातंय?

मुदत संपूनही जागा सोडली नाही तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाड्याप्रमाणे भरपाई मागता येते. पाणी-वीज तोडायच्या नादाला मात्र लागू नका, कायदा उलट तुमच्याच अंगावर येतो.

तिसरी गल्ली

डिपॉझिटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण उद्यमनगर, 'तिघांतला एक' कोण ते ओळखता येतं, म्हणून सरसकट सरासरी काढू नका. पाच तारखेचं भाडं वीसवर सरकलं, लाइट बिल दोन महिने तुंबलं, गॅस सिलिंडर उशिरा यायला लागला, 'जोडीला एक मित्र ठेवला तर चालेल का' असं विचारणं झालं, की समजायचं ओव्हरटाइम गेला. तेव्हा सरळ बसवून विचारावं, किती जमेल. माणूस लाजून गप्प राहतो आणि एका रात्रीत सामान बांधतो, नुकसान तिथं होतं. माझा भर रकमेपेक्षा आधी बोलण्यावर आहे.

लक्ष्मीपुरी

तुमचं सगळं बोलणं राहत्या घराचं चाललंय. दुकान गाळ्याला हे लागू होत नाही.

लक्ष्मीपुरीतल्या दुकानाचं गिऱ्हाईक खेड्यातनं येतं, आणि त्याच्या खिशात पैसा येतो उसाच्या बिलानं. कायद्यानं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची असते. ती लांबली की बाजार थंड. म्हणून गाळ्याचं भाडं बारा सारख्या हप्त्यांत मागण्यापेक्षा हंगामाप्रमाणे बांधावं. गाळा २०,००० चा असेल तर जून ते सप्टेंबर १४,००० आणि डिसेंबर ते मार्च २६,०००. वर्षाचे २,४०,००० तसेच राहतात, फक्त दुकानदाराचा गळा पावसाळ्यात आवळला जात नाही. ही खरी मंदीतली सोय, आणि मालकाचा एक रुपयाही जात नाही.

उद्यमनगर

जात नाही कसा? हिवाळ्यात जास्त घ्यायचंय म्हणून पावसाळ्यात सोडलेले २४,००० ही उधारीच झाली. दुकानदार सप्टेंबरअखेर शटर ओढून गेला तर?

लक्ष्मीपुरी

रास्त प्रश्न. म्हणून त्या २४,००० एवढं डिपॉझिट जास्तीचं घ्यायचं, किंवा करार ऑक्टोबरमध्ये सुरू करायचा, म्हणजे जास्तीचे महिने आधी येतात. मला दुसरं पटतं.

शाहूपुरी, लक्ष्मीपुरीच्या सखल भागातल्या गाळ्यांना आणखी एक कलम हवंच. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. करारात लिहा: ३९ फुटाला माल हलवायची जबाबदारी कुणाची, पाणी शिरलं त्या दिवसांचं भाडं चालू की बंद, आणि शटरची मोटर, वायरिंग कोण दुरुस्त करणार. मीटरबोर्ड मागच्या पुराच्या खुणेच्या वर घ्या. हे आधी ठरलेलं असलं की पुरानंतर भांडण होत नाही आणि दुकानदार टिकतो.

सागरमाळ

फ्लॅट रिकामा ठेवण्यापेक्षा कॉट बेसिसवर द्या. विद्यापीठ, इंजिनिअरिंग कॉलेज, दवाखान्यातल्या नर्सेस यांचा फौंड्रीच्या मंदीशी संबंध नाही. दोन खोल्यांत सहा कॉट, २,५०० प्रमाणे १५,०००.

किल्ली

वर्षाचे बारा महिने धरलेत, पोरं मे-जूनला गावी जातात. दहा महिन्यांचे १,५०,००० धरा. लाइट आणि पाणी बहुतेक ठिकाणी तुमच्याकडे. पाण्याचा हिशेब: माणशी १३५ लिटर म्हटले तरी सहा जणांचे ८१०. हजार लिटरच्या टाकीवर एक दिवस पाणी आलं नाही की दुपारपर्यंत बोंब. आधी टाकी वाढवा, सोसायटीची लेखी परवानगी घ्या, सहाही जणांची नावं करारात आणि पोलिसांच्या भाडेकरू नोंदीत घाला, मग कॉट टाका. कल्पना वाईट नाही, तयारीशिवाय वाईट आहे.

ओलसर भिंत

कुणीच बोललं नाही ते सांगतो. रिकामा फ्लॅट फुकट रिकामा राहत नाही, विशेषतः आपल्याकडच्या पावसात. 'भाव आल्यावर देऊ' म्हणून जूनला कुलूप लावलं आणि दसऱ्याला उघडलं तर काय दिसतं?

नहाणीच्या जाळीखाली ट्रॅपमध्ये जे पाणी साठून असतं ते तीन-चार आठवड्यांत आटतं. तेच पाणी गटारीचा वास आणि झुरळं अडवत असतं. आटलं की दोन्ही थेट घरात. म्हणून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक नहाणीत, बेसिनमध्ये, कमोडमध्ये तांब्या-दोन तांबे पाणी ओतायचं. महिनाभर जाता येणार नसेल तर वर चमचाभर गोडेतेल टाकायचं, पाणी आटायला वेळ लागतो. मेन कॉक बंद ठेवायचा, नाहीतर एक सुटलेला वॉशर टाकी रिकामी करतो आणि खालच्या फ्लॅटचं छत भिजवतो. कपाटांची दारं उघडी ठेवायची, बंद कपाटात बुरशी येते. लाकडी दार फुगलं तर पावसात रंधा मारू नका; उन्हाळ्यात आकसलं की फट पडते.

गच्चीवर पहिला पाऊस यायच्या आधी पन्हाळीच्या पाइपचं तोंड साफ करा. बहुतेक गळती कोब्याला चीर पडून सुरू होते असं लोक म्हणतात; खरं तर आधी पाला अडकून पाणी तुंबतं, आणि तुंबलेलं पाणी चीर शोधतं. आणि रंग जुलैत लावू नका. भिंतीत ओल असताना पुट्टी-डिस्टेंपर मारला की दिवाळीला पापुद्रे सुटतात. आधी गळती बंद करायची, मग सुकवायचं, रंग डिसेंबर-जानेवारीत. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर भाडेकरू जात असेल तर तिसऱ्या गल्लीचं गणित माझ्या मते बरोबर आहे. जानेवारीत जात असेल तर उद्यमनगरचं.

उद्यमनगर

पावसाळ्याचा मुद्दा पटला. एप्रिल-मेमध्ये संपणाऱ्या करारांना सवलतीचा हात थोडा सैल सोडायला माझी हरकत नाही.

आणखी एक. सवलत दिलेली कागदावर नसेल तर रिटर्न भरतानाही अडचण. घरभाड्यावर तीस टक्के वजावट सरळ मिळते, दुरुस्तीचा खर्च दाखवावा लागत नाही. घरफाळा ज्या वर्षी भरला त्या वर्षी वजा होतो, आणि मध्ये जागा रिकामी राहिली तर तेवढं कमी भाडं धरलं जातं. पण बँकेत ८,००० येतात आणि करारात ९,००० दिसतात, याचा खुलासा जवळ पाहिजे.

तिसरी गल्ली

त्यासाठी मग मजकूर असा ठेवूया: 'करारातील मासिक भाडे रु. ९,००० कायम आहे. व्यवसायातील मंदीमुळे जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांसाठी दरमहा रु. १,००० सवलत मालकाने दिली आहे. जानेवारीपासून रु. ९,००० देय राहतील. डिपॉझिट रु. ३०,००० अबाधित आहे.' दोघांच्या सह्या, तारीख, दोन प्रती.

किल्ली

त्यात त्या दिवसाचं मीटर रीडिंग आणि 'आजअखेर भाडे व लाइट बिल येणे बाकी नाही' ही ओळ घाला. बाकी असेल तर रक्कम लिहा. सह्या घेताना दोघंही समोरासमोर बसलेले असतात, जुना हिशेब मिटवायला तीच वेळ.