टीई (तिसरं वर्ष) मेकॅनिकलला ऑनर्स कोणतं घ्यावं? ईव्ही, रोबोटिक्स की एआय-एमएल (नाशिक)

निफाडचा_मेकॅनिकल
नमस्कार मंडळी. नाशिकलाच मेकॅनिकल करतोय, एसई (दुसरं वर्ष) संपत आलंय आणि पुढच्या आठवड्यात ऑनर्सचा, म्हणजे डिग्रीसोबत घ्यायच्या जादा विषयांचा, फॉर्म भरायचाय. आमच्याकडे तीन ऑप्शन आहेत, ईव्ही (इलेक्ट्रिक गाड्या), रोबोटिक्स आणि एआय-एमएल (आर्टिफिशियल इंटेलिजन्स-मशीन लर्निंग). पप्पा म्हणतात ईव्ही घे, डिझेलचे दिवस भरले. वर्गातली निम्मी पोरं एआय-एमएलकडे पळतायत कारण प्लेसमेंटला आयटीवालेच जास्त येतात. मला स्वतःला वर्कशॉपमध्ये बरं वाटतं, कोडिंगचा राग नाही पण पायथॉनमध्ये फॉर लूपच्या पुढे गाडी गेलेली नाही. वर रोज निफाडहून यष्टीने अपडाऊन, आणि ऑनर्सची लेक्चर्स म्हणे साडेचारनंतर असतात. घेऊ का? की ऑनर्सचा नाद सोडून सरळ गेटला (एम.टेक.साठीची प्रवेश परीक्षा) बसू?

अंबडकर_फिक्स्चर
भावा मी अंबडला फिक्स्चर (वेल्डिंगला पार्ट पकडून ठेवणारी चौकट) डिझाइनला आहे, रोबोने वेल्डिंग करायचे सेल, म्हणजे स्टेशन, बनवतो आम्ही. रोबोटिक्स घे असं डोळे झाकून सांगणार नाही पण एक ऐक. सिलॅबसमध्ये रोबोचा हात कुठे पोचेल याचं गणित, म्हणजे फॉरवर्ड कायनेमॅटिक्स, डीएच पॅरामीटर, मॅट्रिक्सचे गुणाकार असतात, परीक्षेत तेच सोडवायचं आणि मार्क घ्यायचे. इथे शॉपफ्लोअरवर सहा अॅक्सिसच्या रोबोचं ते गणित कंट्रोलर स्वतः करतो, आमचं डोकं कशात जातं सांगू? वेल्डिंगची टॉर्च कुठे धडकली आणि तिचा नेक जरासा वाकला की टीसीपी (टॉर्चच्या टोकाचा रोबोला माहीत असलेला पॉइंट) हलतो, मग दोन एमएम बाजूला वेल्ड पडतो आणि सगळा लॉट रिवर्कला. टीसीपी परत कॅलिब्रेट करणं, टीच पेंडंट (रोबो हलवायचा हातातला रिमोट) घेऊन पॉइंट टच-अप करणं, पीएलसीशी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) सिग्नल जुळवणं, क्लॅम्प लागल्याशिवाय रोबो सुटणार नाही असा इंटरलॉक टाकणं, ही खरी कामं. म्हणून कॉलेजात खराखुरा रोबो आणि पीएलसी किट आहे का ते आधी बघ, आणि नुसतं आहे म्हणून नको, पोरांना हात लावू देतात का ते सीनियर्सना विचार. काही ठिकाणी रोबो फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी हलतो 😂

गेटची_तयारी
गेट आणि ऑनर्सचा तसा काही संबंध नाही. एमईच्या (मेकॅनिकलच्या) पेपरला थर्मो, एसओएम (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स), फ्लुइड, मॅन्युफॅक्चरिंग आणि मॅथ्स, ईव्ही किंवा रोबोटिक्सचे दोन प्रश्न सुद्धा धरू नकोस. एआय-एमएलवाल्यांसाठी 2024 पासून डेटा सायन्स अँड एआयचा वेगळा डीए पेपर आलाय, पण त्यात प्रोबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जेब्रा दणकून असतं. थर्ड इयरला असतानाच गेट देता येते, एकदा देऊन अंदाज घे ना.

शिकवणारा_माणूस
मी शिकवतो, कॉलेज विचारू नका. ऑनर्स म्हणजे नेहमीच्या डिग्रीच्या वर 18 ते 20 क्रेडिट्स, टीई आणि बीई (शेवटचं वर्ष) अशा चार सेममध्ये वाटलेले. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकलचा एक म्हणजे दोन तास, तेव्हा दर आठवड्याला पाचेक तास जादाचे धरा. सबमिशन, इन-सेम (सेमच्या मधली परीक्षा) वेगळंच. नव्या एनईपी (राष्ट्रीय शिक्षण धोरण) पॅटर्नला जी मल्टिडिसिप्लिनरी मायनर आहे ती सक्तीची आणि मूळ क्रेडिट्समध्येच धरलेली असते, पोरं दोन्हींची खिचडी करतात आणि फॉर्म भरून मोकळी होतात. मधेच ऑनर्स सोडलं किंवा त्यातला एखादा विषय राहिला तर काय होतं, हे ऑफिसमधून लेखी घ्या, तोंडी नको. आणि तो विषय कोण शिकवणार ते बघा. पुष्कळदा नवा विषय ज्याचा लोड कमी त्याच्या गळ्यात पडतो, मग तो बिचारा तुमच्या एक दिवस पुढे वाचत असतो.

चाकणला_गेलेला
मूळचा सिडकोचा, आता चाकणला बॅटरी पॅकमध्ये. ईव्ही म्हणजे मोटर-इन्व्हर्टरच असं समजून मेकॅनिकलवाले घाबरतात, पण पॅकमध्ये अर्धं काम आपलंच. बॅटरीचा सेल जास्त तापला की आयुष्य घटतं, म्हणून कूलिंग प्लेट, फ्लो, प्रेशर ड्रॉप, सेलच्या मधला पॅड, आयपी-67 चं (धूळ-पाणी आत न जाण्याचं) सीलिंग, व्हायब्रेशन टेस्ट, टू-व्हीलरचा पॅक असेल तर एआयएस-156 हे बॅटरी सेफ्टीचं स्टँडर्ड. हीट ट्रान्सफर पक्कं असलं की माणूस टिकतो. एलएफपी आणि एनएमसी या लिथियम सेलच्या दोन प्रकारांतला फरक इंटरव्ह्यूला विचारतातच, एलएफपीचा सेल साधारण 3.2 व्होल्टचा, एनएमसी 3.6-3.7, एलएफपी तापायला जरा शांत पण त्याच वजनात रेंज कमी. पप्पांचं डिझेलबद्दलचं मत मात्र जरा घाईचं आहे, ट्रक-ट्रॅक्टर लगेच कुठे जात नाहीत. सातपूरची इंजेक्टरवाली मंडळी अजून आहेत की.

निफाडचा_मेकॅनिकल
धन्यवाद सगळ्यांना. एआय-एमएल काढून टाकलं यादीतून, नुसतं बाकीचे जातायत म्हणून जायला नको. आज लॅबमध्ये जाऊन आलो, रोबो आहे पण पेंडंट कपाटात कुलुपात 😐 आणि चावी असलेले सर लिव्हवर. ईव्हीवाले सर थर्मलचे आहेत, शिकवतातही भारी. बीएमएसचा (बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक सिस्टिम) भाग इलेक्ट्रिकलच्या मॅडम घेणार म्हणे. शेवटची बस मात्र घोळ करतेय.

अंबडकर_फिक्स्चर
मग ईव्ही घे, हीट ट्रान्सफर गेटलाही लागतंच. पीएलसीचं सुट्टीत बाहेर शिकून घे, सातपूर-अंबडला क्लासवाले आहेत, फक्त आधी एक डेमो बघ आणि पैसे हप्त्याने दे. बसचं म्हणशील तर टाइमटेबल फायनल व्हायच्या आधीच निफाड-सिन्नरची पोरं मिळून एचओडींकडे (विभागप्रमुखांकडे) जा, एकट्याचं कोण ऐकतंय. शनिवारी सकाळचे स्लॉट मागा.