जुन्या शिवमंदिराची डागडुजी: सिमेंट, ग्रॅनाइट की चुना?

प्रश्न

आमच्या गावात नदीकाठी काळ्या पाषाणाचे हेमाडपंती शिवमंदिर आहे. त्याच्या खांबांवर वर्षानुवर्षे ऑइलपेंटचे हात चढत गेले आणि आता कीर्तिमुखाचे डोळे कोणते व दात कोणते, हे बोटाने चाचपूनच कळते. सभामंडपाचे छत पावसाळ्यात गळते. वर्गणी जमली असून सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूच्या जोरदार माऱ्याने, रंग काढावा, सांधे सिमेंटने भरावेत आणि गाभाऱ्यात ग्रॅनाइट बसवावे, असे मंदिर समितीतील बहुतेकांचे मत आहे. मी विरोध केला तेव्हा एका ज्येष्ठांनी विचारले, "मग देऊळ असेच पडू द्यायचे का?" मला उत्तर देता आले नाही. जुन्या वास्तूला हात न लावणे, हेच जतन असते का? मंदिर कोणत्याही संरक्षित यादीत नाही.

प्रतिसाद १

त्या ज्येष्ठांचा प्रश्न रास्त आहे आणि तो जुनाही आहे. भारतीय पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे महासंचालक जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये खात्यासाठी जतनाची नियमावली लिहिली. जे शिल्लक आहे ते टिकवावे, हरवलेले नव्याने घडवू नये, हा तिचा गाभा होता. मात्र जिथे पूजाअर्चा चालू आहे अशा वास्तूंत थोडी अधिक दुरुस्ती करावी लागते, हे त्यांनीही मान्य केले होते. पुढे वास्तुजतनाच्या तत्त्वांविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने, जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे, असे बजावले, तर जपानमधील नारा येथे तयार झालेल्या १९९४ च्या नारा दस्तऐवजाने वास्तूचे अस्सलपण त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात जोखावे, असे मांडले. म्हणजे आपले देऊळ दुरुस्त करण्यास कोणाचीच हरकत नाही. कशाने आणि किती, एवढाच प्रश्न आहे.

सँडब्लास्टिंग कृपया टाळावे. वाळूच्या माऱ्याने रंगाबरोबर दगडाचा पृष्ठभाग आणि त्यावरचे छिन्नीचे घावही झिजतात, आणि ते परत आणता येत नाहीत. रंग सैल करणाऱ्या द्रावणाचा लगदा लावून, मऊ ब्रशने, थर थर उतरवत काढता येतो. काम संथ आणि खर्चिक आहे, पण दगड वाचतो. सांध्यांविषयीही एक गोष्ट समितीला सांगावी: हेमाडपंती बांधणीत दर्शनी दगड चुन्याशिवायच एकमेकांत बसवलेले असतात, त्यामुळे भिंतीत शिरलेला ओलावा सांध्यांतून बाहेर पडतो. तिथे सिमेंट भरले की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगडाच्या कडांचे पापुद्रे सुटू लागतात. गळती वरूनच थांबवली पाहिजे. शिखराच्या खोबणीतले पिंपळ-उंबर मुळासकट काढून छतावर चुन्याचा कोबा करावा.

प्रतिसाद २

आमच्या गावी वीस वर्षांपूर्वी हीच चूक झाली. छतावर सिमेंट ओतले, त्याला दोन उन्हाळ्यांत तडे गेले आणि तिसऱ्या पावसात पाणी थेट पिंडीवर ठिबकू लागले. ते काम करणाऱ्यांची श्रद्धा कमी होती, असे मी कधीच म्हणणार नाही. जाणकारांचेही हात चुकतात. अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी निजाम सरकारने १९२० साली इटालियन तज्ज्ञ बोलावले होते. त्यांनी लावलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडून काळवंडला आणि तो उतरवण्यात नंतरच्या रसायनतज्ज्ञांची वर्षे गेली. म्हणूनच पुढच्या पिढीला काढता येईल, असेच काही लावावे.

जीर्णोद्धार ही आपलीच परंपरा आहे, हेही विसरू नये. वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर आज ज्या रूपात उभे आहे, ते अहिल्याबाई होळकरांमुळे. पण त्यांच्या काळचे पाथरवट दगडाला दगड जोडत होते. ग्रॅनाइटच्या पातळ लाद्या चिकटवणे ही त्या परंपरेची पुढची पायरी नव्हे. पंढरपूरला २०२४ मध्ये विठ्ठलाच्या गाभाऱ्यात मागाहून बसवलेले ग्रॅनाइट काढून मूळ दगड मोकळा केला गेला. समितीतील मंडळी वारीला जात असतील, तर त्यांना हे एवढेच सांगून पाहावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पंढरपूरचा दाखला कालच्या बैठकीत मांडला आणि ग्रॅनाइटचा विषय तूर्त मागे पडला. सिमेंटविषयी गवंडी अजून अडून आहेत, कारण चुना मळणारे कोणी भागात उरलेले नाही.

प्रतिसाद १

चुना तयार करणे शिकता येते. कळीचा चुना विरवून निदान काही आठवडे भिजत ठेवावा, त्यात चाळलेली वाळू व विटांची पूड मिसळावी. बेलफळाचा गर, गूळ आणि हिरड्याचे पाणीही जुने कारागीर घालत. कोबा पावसाळ्यापूर्वी पुरेसा वाळेल, असे वेळापत्रक धरावे. एखाद्या जतनतज्ज्ञ वास्तुविशारदाला बोलावून, आधी प्रत्येक खांबाची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि रंग काढण्याची चाचणी मागच्या बाजूच्या एखाद्या खांबावर, तळहाताएवढ्याच जागेवर करावी. तेवढ्या जागेत छिन्नीचा घाव स्वच्छ दिसला, की समितीला तिथे नेऊन दाखवावा.